डावखुरा शिकारी आणि बोल्ट ॲक्शन रायफल

अमेरिकेतील हरणांच्या शिकारीच्या इतिहासात डावखुऱ्या शिकाऱ्यास दीर्घकाळ बोल्ट ॲक्शन रायफलीची खरी निवड उपलब्ध नव्हती. या रायफलींचा आदर्श ठरली ती जर्मन लष्कराने १८९८ मध्ये स्वीकारलेली माउझर, आणि तिच्या बोल्टची मूठ उजव्या बाजूस होती. डाव्या खांद्याला रायफल लावणाऱ्यास प्रत्येक गोळीनंतर हात रायफलीवरून पलीकडे न्यावा लागे. तेवढ्यात नेम ढळे. हा दोष शिकाऱ्याच्या कौशल्याचा मानणे अन्यायाचे होईल. डावखुऱ्यांसाठी स्वतंत्र सांगाडा घडविणे उत्पादकास खर्चिक होते. त्यामुळे १८९४ ची विंचेस्टर त्यांना सोयीची वाटे; तिचा लिव्हर मध्यभागी, खालच्या बाजूस असतो. १९५८ च्या सॅव्हेज ११० या रायफलीची डावखुरी आवृत्ती १९५९ मध्ये आली. १९६२ ची रेमिंग्टन ७०० मात्र आरंभी उजव्या हातासाठीच होती.