खड्डा खणणारे यंत्र आणि गुदमरलेली माती

सेप्टिक टँक सांडपाणी शुद्ध करते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः टाकीचे काम मर्यादित असते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, हवेविना जगणारे जिवाणू मैल्याचा काही भाग कुजवून विरघळवतात आणि मधले गढूळ पाणी बाहेर पडते. खरे शुद्धीकरण त्यानंतर, शोषचरांभोवतीच्या मातीत होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत अनेक ठिकाणी नेमकी हीच माती निकामी झाली, आणि तिला निकामी करण्यात खड्डा खणायला आलेल्या यंत्रांचाही हात होता.

टाकीची कल्पना त्याहून जुनी. फ्रान्समधील व्हेझूल गावच्या झां-लुई मुरास याने १८६० च्या सुमारास घराच्या सांडपाण्यासाठी बंद टाकी बांधली आणि १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले. १८९५ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर शहराचा सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन याने अशाच टाकीला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. तिच्यातून निघणाऱ्या वायूवर तेथे दिवेही पेटविण्यात आले. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात असा वायू साठवून त्यावर इंजिन चालविण्यात आले. हा आश्रम उभा करण्यात पुढाकार घेणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ म्हणजे शाळिग्रामांच्या सोबतीने मराठी पोवाडे संग्रहित करणारे तेच ॲकवर्थ. मराठी इतिहासाच्या वाचकाला ते अशा अनपेक्षित ठिकाणीही भेटतात!

त्या काळी घरगुती टाकीसाठी यंत्राची निवड हा प्रश्नच नव्हता. कुदळ, पहार, फावडे आणि माणसांचे हात एवढीच सामग्री. वाफेवर चालणारे फावडे अमेरिकेत विल्यम ओटिसने १८३० च्या दशकातच तयार केले होते. पण ते रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडणारे धूड, घराच्या परसात त्याचे काय काम? ओहायोतील जेम्स हिल याने १८९० च्या दशकात चाकावर बादल्या बसवलेले चर खणणारे यंत्र बनवले, तेही शेतातील पाणी काढणाऱ्या नळांसाठी. सरळ, अरुंद चर ते उत्तम खणी. टाकीचा चौकोनी खड्डा मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा.

दुसरे महायुद्ध संपले आणि चित्र पालटले. परतलेल्या सैनिकांना घरे हवी होती, शहराबाहेर जमीन स्वस्त होती, पण तेथे गटारे नव्हती. बांधकाम व्यावसायिकांनी घरोघरी टाकी पुरण्याचा मार्ग धरला. १९४५ मध्ये अमेरिकेतील सुमारे ४५ लाख घरे सेप्टिक टँकवर अवलंबून होती. १९६० पर्यंत हा आकडा १ कोटी ४० लाखांच्या आसपास गेला. एवढे खड्डे हाताने खणणे अशक्यच होते.

सर्वांत सहज हाताशी आलेले यंत्र म्हणजे बुलडोझर. युद्धात धावपट्ट्या आणि रस्ते याच यंत्राने सपाट केले होते, आणि ते चालविणारे हातही आता घरी परतले होते. सपाटीकरणाला बुलडोझरला तोड नव्हती. शोषचरांच्या जागेवर मात्र तो घातक ठरे. मातीच्या कणांत सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांतून पाणी झिरपते आणि हवाही खेळते. त्या हवेवर जगणारे जिवाणू सांडपाण्यातील घाण खाऊन टाकतात. पंधरा टनांहून जड यंत्राचे वजन रुंद पट्ट्यांवर विभागले जाते हे खरे. पण त्याच जागेवर, त्यातही ओल्या चिकणमातीवर, ते पुन्हा पुन्हा फिरले की या पोकळ्या मिटतात. वरची सुपीक, सच्छिद्र माती खरवडून निघते ती वेगळीच. काही वर्षांत परसात काळे पाणी वर येई आणि नवे घर घेतलेल्या कुटुंबाला त्याचे कारण उमगत नसे. टाकी तर शाबूत असे.

घरगुती खोदकामाला साजेसे यंत्र अखेर शेताच्या ट्रॅक्टरवर आले. मॅसॅच्युसेट्समधील व्हायनो होलोपायनेन आणि रॉय हँडी यांनी तेलाच्या दाबावर चालणारा बाहू तयार केला. एप्रिल १९४८ मध्ये त्यांनी फोर्डच्या ८एन ट्रॅक्टरवर बसवलेले असे पहिले यंत्र कनेक्टिकटमधील वीज कंपनीला ७०५ डॉलरना विकले. हाच ‘बॅकहो’. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफोर्डने १९५३ मध्ये आपले यंत्र आणले. अमेरिकेतील केस कंपनीने १९५७ मध्ये पुढे लोडर आणि मागे बॅकहो असे दोन्ही कारखान्यातच जोडलेले मॉडेल बाजारात उतरवले. ट्रॅक्टर हलका, बाहू लांब. कुशल चालक यंत्र बाजूला उभे करून नियोजित जागेवर चाक न घालता चर खणू शके, आणि त्याच यंत्राने टाकीचा खड्डाही होई. तयार काँक्रीटची १००० गॅलनची टाकी मात्र चार टनांच्या घरातली. ती उतरवायला स्वतंत्र क्रेनचा ट्रकच लागे.

तरीही एक दोष उरला, आणि तो सहज डोळ्यांना दिसणारा नव्हता. ओल्या चिकणमातीतून लोखंडी बादली ओढली की चराची भिंत गवंड्याच्या थापीने घोटल्यासारखी गुळगुळीत होते. दिसायला सुबक, पण पाण्याला वाट बंद. म्हणून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५७ मध्ये काढलेल्या सेप्टिक टँकविषयक मार्गदर्शिकेत अशा भिंती एक इंच खोलपर्यंत दाताळ्याने खरवडून सुटी माती काढण्याची सूचना होती. न्यूयॉर्कच्या हेन्री रायनने १९२० च्या दशकात रूढ केलेल्या झिरप-चाचणीतही हीच दक्षता घ्यायची: लहान खड्डा खणायचा, त्याच्या कडा सुरीने खरवडायच्या, माती रात्रभर भिजू द्यायची आणि मग पाण्याची पातळी किती वेगाने उतरते ते मोजायचे. पातळी एक इंच उतरायला ६० मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर ती जागा अयोग्य.

उलट टोकाचे उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे. १९४७ ते १९५१ या काळात तेथील लेव्हिटटाउनमध्ये १७ हजारांहून अधिक घरे उभी राहिली, सांडपाण्यासाठी शोषखड्ड्यांच्या भरवशावर. तेथील वाळूमिश्रित जमीन पाणी झटकन पिऊन टाकी. पण बेटावरचे लोक पिण्याचे पाणी त्याच जमिनीतून काढत. पुढे या बेटावर नळाच्या पाण्याला डिटर्जंटचा फेस येऊ लागला. यंत्र कोणतेही निवडले असते, तरी हा फेस थांबला नसता.

बॅमफोर्डच्या नावाची आद्याक्षरे १९७९ मध्ये भारतात आली. हरियाणातील बल्लभगड येथे एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत कारखाना सुरू झाला. आज महाराष्ट्रात गावोगावी टाकीचा खड्डा घ्यायचा म्हटले की ‘जेसीबी बोलवा’ असेच म्हणतात, येणारे पिवळे यंत्र कोणत्याही कंपनीचे असो. खड्डा त्याने तासाभरात होतो. चराच्या भिंती खरवडायला दाताळे मात्र अजूनही हातातच धरावे लागते.