न्यूयॉर्कचे रस्ते: मिरवणूक, विदूषक आणि खुर्च्या

आजचा विषय ऐकायला तसा कोरडा आहे. एका महानगराचं वाहतूक खातं, आणि त्या खात्यानं रस्त्यावर भरवलेले कार्यक्रम. खात्याचं काम म्हणजे सिग्नल, खड्डे आणि पांढरे पट्टे. मग हे लोक रस्ते बंद करून जत्रा कशाला भरवतात? हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये अनेकांनी चिडून विचारलेला आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

१३ सप्टेंबर १८९९. मॅनहॅटनमध्ये सेंट्रल पार्कच्या पश्चिम कडेनं जाणारा रस्ता, ७४ व्या स्ट्रीटचा कोपरा. हेन्री ब्लिस नावाचे गृहस्थ ट्रॅममधून खाली उतरले आणि विजेवर चालणाऱ्या एका टॅक्सीनं त्यांना उडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले. अमेरिकेत मोटारगाडीखाली सापडून मेलेला पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद आहे. टॅक्सीवाल्यावर मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला. त्यात द्वेष किंवा निष्काळजीपणा नव्हता म्हणून तो सुटला. (ती पहिली गाडी विजेची होती, हे आज जरा गमतीचं वाटतं.)

त्या काळी रस्ता म्हणजे काय होतं, हे आधी डोळ्यांसमोर आणा. लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा इमारतींत मुलांना खेळायला अंगण नव्हतं. रस्ता हेच अंगण. आपल्या जुन्या पेठांमधल्या बोळासारखं. मोटारी वाढल्या आणि मुलं मरायला लागली. १९१४ मध्ये पोलीस आयुक्त आर्थर वूड्स यांनी एल्ड्रिज स्ट्रीटचा तुकडा ठरावीक वेळेपुरता गाड्यांना बंद केला आणि मुलांना खेळायला मोकळा करून दिला. ‘खेळरस्ता’ म्हणू या आपण त्याला. ही कल्पना वाहतूक खात्याची नव्हती, पोलिसांची होती.

पण गाड्यांचा लोंढा अशा एखाद-दुसऱ्या गल्लीनं थोडाच थांबणार! ऑक्टोबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरक्षेसाठी एक प्रचंड मिरवणूक निघाली. दहा हजार मुलं चालली. त्यात हजाराहून अधिक मुलांची एक वेगळी तुकडी होती. त्यातलं प्रत्येक मूल आदल्या वर्षी शहरात अपघातात गेलेल्या एकेका जिवाची जागा घेऊन चालत होतं. त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये अपघातात गेलेल्या मुलांसाठी स्मारक उभं राहिलं. युद्धात कामी आलेल्या सैनिकांसाठी उभारतात, तसं. शहर उघड्यावर शोक करत होतं, आणि गाडी चालवणाऱ्याकडे बोट दाखवत होतं.

आता पुढची दोनच वर्षं बघा. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका सुरक्षा कार्यक्रमात एक विदूषक हळूहळू चालणाऱ्या फोर्ड मॉडेल-टी गाडीच्या पुढे चालत होता आणि ती गाडी त्याला मागून पुन्हा पुन्हा धडका देत होती. लोक हसत होते. तो विदूषक म्हणजे ‘जेवॉकर’, कुठूनही रस्ता ओलांडणारा. ‘जे’ या शब्दाचा तेव्हाच्या बोलीतला अर्थ गावंढळ, शहरात कसं वागावं हे न कळणारा. म्हणजे ज्याच्यासाठी कालपर्यंत अश्रू ढाळले, तोच आज थट्टेचा विषय झाला. याच सुमारास मोटार क्लबांनी शाळांमधलं सुरक्षा शिक्षण आपल्या अंगावर घेतलं. भित्तिपत्रकांच्या स्पर्धा, पट्टे घातलेली विद्यार्थी पथकं, ‘थांबा, बघा, मग ओलांडा’. शिकवण वाईट नव्हती. माझी आजीही मला तेच सांगायची. पण त्यातून एक गोष्ट गुपचूप ठरून गेली: रस्ता गाडीचा, आणि मूल तिथं पाहुणं. मला वाटतं, रस्ता सुरक्षेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल या दोन वर्षांच्या फटीत झाला, आणि तो कायद्यानं नाही, कार्यक्रमांनी केला.

मधली चाळीस-पन्नास वर्षं मी भरभर ओलांडतो. रस्ते रुंद झाले, फुटपाथ आक्रसले. २२ एप्रिल १९७० ला, पहिल्या वसुंधरा दिनी, महापौर जॉन लिंडसे यांनी फिफ्थ अव्हेन्यू काही तास गाड्यांना बंद केला आणि माणसांनी तो भरून गेला. ती झलक होती. मग गाड्या परत आल्या.

इथं थोडं कोलंबियात जाऊ, कारण पुढचा धागा तिथून आलेला आहे. बोगोटा शहरात डिसेंबर १९७४ मध्ये सायकलप्रेमींनी काही रस्ते अडवून सायकली चालवल्या. त्यातून ‘सिक्लोविया’ उभी राहिली. आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभरावर किलोमीटर रस्ते तिथं माणसांना मोकळे असतात. एकदाच होणारी गोष्ट हा तमाशा असतो. दर रविवारी होणारी गोष्ट ही सवय होते.

न्यूयॉर्कच्या वाहतूक खात्याकडे ६,३०० मैल रस्ते, आठशेच्या आसपास पूल, १३ हजारांवर सिग्नल आणि स्टेटन आयलंडची फेरीबोट आहे. माणसं पाच हजारांहून अधिक. २००७ मध्ये जेनेट सादिक-खान या खात्याच्या आयुक्त झाल्या. ऑगस्ट २००८ मध्ये तीन शनिवारी त्यांनी ब्रुकलिन ब्रिजपासून सेंट्रल पार्कपर्यंत जवळपास सात मैलांचा रस्ता सकाळभर बंद ठेवला. ‘समर स्ट्रीट्स’. सरळसरळ बोगोटाची उचल, आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

खरी कसोटी मे २००९ मध्ये होती. टाइम्स स्क्वेअरमधून ब्रॉडवे तिरका जातो आणि त्यामुळे तिथले चौक वेडेवाकडे होतात. खात्यानं ४२ ते ४७ व्या स्ट्रीटमधला ब्रॉडवे गाड्यांना बंद करायचं ठरवलं. दिवस उजाडला, नारिंगी पिंपं लागली, रस्ता मोकळा झाला. पण बसायचं कशावर? कायमचं फर्निचर यायचं होतं. शेवटी ब्रुकलिनमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून समुद्रकिनाऱ्यावर वापरतात तशा दहा-अकरा डॉलरच्या घडीच्या खुर्च्या शेकड्यांनी आणल्या. वर्तमानपत्रांनी खुर्च्यांची टिंगल केली. बंद झालेल्या रस्त्याबद्दल ओरडायचं ते लोक खुर्च्यांबद्दल ओरडत बसले! खात्याच्या दृष्टीनं याहून बरं काय?

पण खुर्च्यांमागे हिशेब चालू होता. टॅक्सींच्या जीपीएसवरून वेग मोजला जात होता, जखमींची नोंद होत होती. पादचाऱ्यांच्या जखमा ३५ टक्क्यांनी घटल्या. २०१० मध्ये बदल कायम झाला. दगडी फरसबंदी त्यानंतर काही वर्षांनी आली. म्हणजे आधी रंग, कुंड्या आणि खुर्च्या, मग मोजणी, मग दगड. कार्यक्रम ही तालीम होती. १९२४ च्या विदूषकानं चालणाऱ्याला धडा दिला होता. इथं धडा इंजिनिअरसाठी होता.

सगळीकडे हे इतकं गोड झालं नाही. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला आपल्यापैकी काही जण गेले असतील. डाळी, मसाले, साड्या यांसाठी तिकडची मराठी माणसंही जातात. तिथं २०११ मध्ये ७३ आणि ७४ व्या स्ट्रीटच्या मधला रस्त्याचा तुकडा बंद करून चौक केला, आजचा ‘डायव्हर्सिटी प्लाझा’. दुकानदार खवळले: गाडी थांबायला जागा नाही, गिऱ्हाईक तुटलं. त्यांचं चूक नव्हतं, धंदा त्यांचा होता. पुढं स्थानिक दुकानदारच चौक सांभाळायला पुढे आले आणि तिथं सभा, सणवार व्हायला लागले. खात्यानंही नंतर आपली माणसं रस्त्यावर टेबल मांडून उभी करायला सुरुवात केली. ‘स्ट्रीट ॲम्बॅसेडर’. बस थांब्यावर, शाळेच्या दारात, लोकांच्या भाषेत विचारायचं: इथं काय त्रास होतो? संध्याकाळच्या सभेला कोण येतं? ज्याला वेळ आहे तो. दुहेरी पाळी करणारी बाई येत नाही. म्हणून टेबल तिच्याकडे न्यायचं.

आता कटू भाग. जत्रेनं माणसं वाचतात का? एकट्या जत्रेनं नाही. २०१३ मध्ये शहरात रस्त्यांवर जवळपास तीनशे माणसं मेली. २०१४ च्या आरंभी महापौर बिल डी ब्लासिओ यांनी ‘व्हिजन झीरो’ जाहीर केलं. मूळ कल्पना स्वीडनची, १९९७ ची: माणूस चुकणारच, म्हणून रस्ता असा बांधा की चुकीची शिक्षा मृत्यू नसेल. ७ नोव्हेंबर २०१४ पासून शहराची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ३० मैलांवरून २५ वर आली. पण ती उतरवायलाही, शाळेजवळ वेगाचे कॅमेरे लावायलाही, ऑल्बनीला राज्य विधिमंडळाची परवानगी लागत होती. आपल्या महापालिकांना मुंबई-दिल्लीकडे बघावं लागतं, तसंच.

त्याच वर्षी अपघातात माणसं गमावलेल्या कुटुंबांनी संघटना बांधली. आईबाप मुलांचे फोटो घेऊन ऑल्बनीला गेले. १९२२ ची मिरवणूक जणू परत निघाली. यावेळी ती आमदारांच्या दारात गेली. २०१८ च्या जुलैमध्ये कॅमेऱ्यांच्या कायद्याची मुदत संपू दिली गेली, कॅमेरे बंद पडले, आणि शाळा उघडण्याच्या तोंडावर घाईघाईनं चालू करावे लागले. त्या वर्षी मृत्यू दोनशेच्या आसपास उतरले होते. २०२१ मध्ये ते पुन्हा २७० च्या वर गेले.

पुण्यात २०२१ च्या ११ डिसेंबरला महापालिकेनं लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला. लोक मधोमध चालले, फोटो काढले. त्या दिवशी कोणी काय मोजलं, एवढंच मला विचारावंसं वाटतं.

२०२४ मध्ये न्यूयॉर्कनं ‘जेवॉकिंग’ गुन्ह्यांच्या यादीतून काढलं. त्याच्या पावत्या बहुतांश कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांवरच फाटत होत्या. विदूषकाला शंभर वर्षांनी सोडून दिलं म्हणायचं.

आणि हेन्री ब्लिसचा तो रस्ता? ऑगस्ट २०१८ मध्ये तिथंच, काही गल्ल्या दक्षिणेला, सायकलवरची एक तरुण परदेशी प्रवासी ट्रकखाली गेली. सायकलचा पट्टा होता, पण नुसता रंगवलेला. त्यात एक गाडी उभी होती, म्हणून ती बाहेर वळली. वाहतूक खात्यानं संरक्षित पट्टा आखला. त्यासाठी पार्किंगच्या चारशेच्या आसपास जागा जाणार होत्या. रस्त्याकाठच्या एका इमारतीचे रहिवासी न्यायालयात गेले. न्यायालयानं काम थांबवायला नकार दिला, आणि खात्याची माणसं रंगाचं यंत्र घेऊन आली.

बरं, आता प्रश्न घेऊ.