सिलिंडर-शीर्ष बंधक
सिलिंडर-शीर्ष बंधक : अंतर्ज्वलन एंजिनाचे शीर्ष (हेड) ठोकळ्यावर (ब्लॉक) आवळून धरणारे स्टड किंवा बोल्ट.

उगम : वाफ-एंजिनांच्या सिलिंडरांची झाकणे स्टड व नट यांनी बसवीत, ही रीत पुढे तेल-एंजिनांत आली (→ डीझेल एंजिन). मोठ्या प्रमाणावरील मोटार उत्पादनात बोल्टांचा वापर वाढला.

वैशिष्ट्ये : स्टडच्या दोन्ही टोकांना आटे असतात. एक टोक ठोकळ्यात कायम राहते, दुसऱ्यावर नट आवळतात. त्यामुळे आवळताना ठोकळ्यातील आटे घासत नाहीत, स्टडला पीळ कमी बसतो व ताण अधिक एकसारखा मिळतो. गॅस्केटही जागेवर बसते (→ गॅस्केट). मात्र शीर्ष काढताना ते स्टडच्या उंचीइतके वर उचलावे लागते. बोल्टांत ही अडचण नसते, जुळणीही जलद होते. परंतु प्रत्येक वेळी आवळताना ठोकळ्यातील आटे झिजतात. लवचिकतेच्या मर्यादेपलीकडे ताणून बसवायचे बोल्ट सामान्यतः पुन्हा वापरत नाहीत. दोन्ही प्रकार मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, ठरावीक टॉर्कने आवळतात (→ टॉर्क पाना).

महत्त्व : बारामती औद्योगिक क्षेत्रात पियाज्योची तीनचाकी वाहने तयार होतात. बारामती व इंदापूर या ऊसउत्पादक तालुक्यांत ट्रॅक्टरही मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत (→ ट्रॅक्टर). अशा वाहनांच्या देखभालीत बंधकाची योग्य निवड महत्त्वाची असते. एंजिन वारंवार उघडावे लागत असल्यास स्टड, तर शीर्ष वर उचलण्यास जागा अपुरी असल्यास बोल्ट योग्य ठरतात. बदल करताना निर्मात्याने दिलेली लांबी, आटे व टॉर्क पाळणे आवश्यक असते. अन्यथा गॅस्केट फुटून पाणी, तेल व ज्वलनवायू यांची गळती होते.