व्याकरणाचा तास बंद झाला तेव्हा

इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांमध्ये एक वाद फार जुना आहे. मुलाला आधी व्याकरण शिकवायचे आणि मग भाषा, की आधी भाषा कानावर पडू द्यायची आणि व्याकरण तिच्यामागून येईल असा भरवसा ठेवायचा? हा वाद इंग्लंड-अमेरिकेत भरपूर रंगला. पण त्याची एक महत्त्वाची परीक्षा झाली ती आपल्या दक्षिण भारतातल्या साध्यासुध्या शाळांत. तिची हकीकत आज सांगायची आहे.

आपल्याकडे इंग्रजी आली ती भाषांतराचे बोट धरून. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मराठी माणसाच्या कितीतरी पिढ्यांनी गिरवली. नियम पाठ करायचा, मग मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करायचे. पुढे रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण घरोघर पोहोचले. स्वातंत्र्यानंतर मात्र नवा विचार सुरू झाला. इंग्रजी शिकवण्याचे शास्त्र सांगणाऱ्या संस्था १९५६ साली अलाहाबादला आणि १९५८ साली हैदराबादला निघाल्या, आणि 'रचना पद्धती' शाळाशाळांत शिरली. वाक्यांचे साचे ठरलेले, सोप्याकडून अवघडाकडे लावलेले. गुरुजी पुस्तक उंच धरून म्हणणार, 'धिस इज अ बुक'. साठ मुले एका सुरात तेच म्हणणार. नियम सांगायचा नाही, साचा घोटून घ्यायचा.

या पद्धतीमागे एक समजूत होती: भाषा म्हणजे सवय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली हाच विचार ग्रंथरूपाने मांडला. दोनच वर्षांनी नोम चॉम्स्की या तरुण भाषाशास्त्रज्ञाने त्याची लांबलचक चिकित्सा करून त्याला सुरुंग लावला. मूल कधीही न ऐकलेली वाक्ये बोलते, ती सवयीने कशी येतील, हा त्यांचा सवाल होता. शिक्षकांना वाटले, आता हेच आपल्याला नवी पद्धत देतील. पण १९६६ साली अमेरिकेतल्या भाषाशिक्षकांच्या परिषदेत चॉम्स्कींनी उलटेच सांगितले. भाषाशास्त्रातून वर्गासाठी काही तयार मिळेल याविषयी आपल्याला शंका आहे. सिद्धान्त पारखून घ्यायचा तो शिक्षकानेच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

मला हा वाद पुस्तकी वाटत नाही, याला कारण माझे घर. आमच्या घरी दखनी बोलली जाई. तिच्यात लिंगे दोनच. मराठीत तिसरे, नपुंसकलिंग. तरी 'ते झाड', 'ते पोरगं', 'ते वासरू' मला कुणी शिकवल्याचे आठवत नाही. गल्लीत विटीदांडू खेळताना, दळणाच्या रांगेत, शेजारच्या आजींची कामे करताना ते येऊन बसले. आजींना हवे होते ते चुलीसाठी सरपण. माझे लिंगवचन बरोबर आहे का, याची त्यांना फिकीर नव्हती. ज्या मराठीत मी पुढे कविता लिहिली ती अशी आली. पाचवीपासून इंग्रजी सुरू झाली, ती मात्र नियमांसकट. काळांचे तक्ते तोंडपाठ होते, आणि एक वाक्य बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडे. मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्या पिढीला हे वेगळे सांगायला नको.

नेमकी हीच गोष्ट मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणाऱ्या एन. एस. प्रभू यांच्या नजरेत भरली होती. वर्षानुवर्षे साचे घोटूनही मुलांना बिनचूक वाक्य करता येत नाही, हे त्यांचे दुखणे. त्या सुमारास ब्रिटनमधून संवादाची नवी लाट आली होती: दुकानात कसे विचारावे, रस्ता कसा पुसावा, प्रसंगाला शोभेल असे कसे बोलावे. प्रभूंना हे आपल्या मुलांच्या गरजेचे वाटले नाही. त्यांना हवे होते व्याकरणच, मुलाच्या आत रुजलेले. म्हणून त्यांनी व्याकरणाचा तास बंद केला! मन अर्थात गुंतलेले असते तेव्हा व्याकरण नकळत रुजते, ही त्यांची धारणा होती.

बंगळूरची इंग्रजी शिक्षणाची प्रादेशिक संस्था सोबतीला आली, आणि १९७९ ते १९८४ अशी पाच वर्षे काही मोजक्या वर्गांत हा प्रयोग चालला. वर्गात काय चाले? मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक ठेवायचे. कोणती गाडी पकडली तर दुपारी दोनच्या आत पोहोचता येईल? कधी नकाशा, कधी शाळेचे वेळापत्रक. आधी शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर एक काम तोंडी सोडवीत. मग तसेच दुसरे मुले एकेकटी सोडवीत. उत्तर शोधताना तर्क लढवावा लागे, आणि तो लढवताना इंग्रजी कानांवर पडे. मातृभाषेला बंदी नव्हती. चूक झाली तर शिक्षक जाता जाता बरोबर वाक्य बोलून दाखवीत. त्यावर धडा घेत नसत. मुलांचे गट मात्र प्रभूंनी पाडले नाहीत. मुले आपसांत बोलली तर मोडकीतोडकी इंग्रजीच पक्की होईल, ही त्यांची भीती.

टीकाकार गप्प बसले नाहीत. पुरावा कुठे आहे, असे त्यांनी विचारले. तेव्हा अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी चार शाळांत प्रयोगाचे वर्ग आणि नेहमीचे वर्ग यांची तुलना केली. तिचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. साच्यांच्या परीक्षेत साचे घोटलेली मुले सरस ठरली. पण ऐकून समजणे, वाचून समजणे, संदर्भात व्याकरण वापरणे यांत प्रयोगातल्या मुलांचे पारडे जड निघाले. थोडक्यात, ज्याने जे पेरले त्याला ते मिळाले. मात्र अर्थ पेरणाऱ्याच्या पदरात थोडे व्याकरणही पडले. शाळांची संख्या लहान होती, म्हणून परीक्षकांनी निष्कर्ष सावधपणे मांडला.

प्रभूंचे पुस्तक १९८७ साली आले आणि कामातून भाषा शिकवण्याची पद्धत जगभर चर्चेत आली. त्यांचा मोठेपणा मला दिसतो तो त्यानंतर. १९९० साली त्यांनी एक लेख लिहिला. त्यात त्यांनी सांगितले की सर्वोत्तम पद्धत अशी नसतेच. शिकणे कसे घडते याची शिक्षकाला स्वतःला जी खरीखुरी जाणीव असते, ती जिवंत आहे की यांत्रिक झाली आहे, हे पाहायला हवे. ज्याच्या नावाने एक पद्धत ओळखली जाते, त्यानेच हे म्हणावे!

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. वर्ग बदलले, पुस्तके बदलली. पण वाडीवस्तीवरच्या मुलाचा प्रश्न तोच आहे. त्याच्या घरी इंग्रजी नाही, गल्लीत नाही. ती त्याला भेटणार शाळेतल्या त्या एका तासातच. त्या तासात त्याच्या हाती नियमांची यादी द्यायची, की विचार करावा लागेल असे काहीतरी काम? भाषाशास्त्रज्ञ याचे उत्तर देणार नाहीत, चॉम्स्कींनी ते सांगूनच ठेवले आहे. ते त्या वर्गातल्या बाईंनी आणि गुरुजींनीच द्यायचे आहे. त्यांना तेवढी मोकळीक आणि तेवढा विश्वास आपण देतो का, हे मात्र आपल्या हातात आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)