स्वातंत्र्याआधीचा स्वातंत्र्यदिन

आपल्या देशाने पहिला स्वातंत्र्यदिन पाळला तो २६ जानेवारी १९३० रोजी, रविवारी. स्वातंत्र्य मिळायला तेव्हा साडेसतरा वर्षांचा अवकाश होता.

१९२९ च्या डिसेंबरअखेर लाहोरला जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि ३१ तारखेच्या मध्यरात्री रावीकाठी तिरंगा फडकला. हे चित्र शाळेपासून आपल्या ओळखीचे आहे. पुढच्या महिन्यातल्या त्या रविवारी काय करायचे ठरले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. गावोगाव सभा भरवून प्रतिज्ञा वाचायची आणि लोकांची संमती घ्यायची, एवढाच मुख्य कार्यक्रम. भाषणे नकोत, असे गांधीजींनी बजावले होते. उरलेला दिवस सूतकताई, अस्पृश्यांची सेवा, हिंदू-मुस्लिम ऐक्य, दारूबंदी अशा कामांत घालवावा, अशी त्यांची सूचना होती. भाषणाविना राष्ट्रीय सण! आज आपल्याला ही कल्पनाही झेपणार नाही.

ती प्रतिज्ञा मुळातून वाचावी. स्वातंत्र्य हा जन्मसिद्ध हक्क आहे, असे सांगून ती थेट हिशेबावर येते. हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला सात पैसे (जुने पैसे, रुपयाला चौसष्ट). करांपैकी वीस टक्के शेतसाऱ्याचे, तीन टक्के मिठाचे, आणि मिठाचा बोजा सर्वांत जास्त गरिबावर. दीड महिन्याने, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले ते याच मिठासाठी. प्रतिज्ञेतले ते तीन टक्के नुसते वाचण्यापुरते नव्हते.

पुढे दरवर्षी हा दिवस पाळला गेला. १९३२ साली काँग्रेस बेकायदा ठरली असताना सभेला जाणे म्हणजे लाठी किंवा तुरुंग यांची तयारी ठेवणे होते.

१५ ऑगस्ट ही तारीख निवडली माउंटबॅटन यांनी. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन. आपल्या चळवळीशी तिचे नाते नव्हते. त्या दिवशी गांधीजी कलकत्त्यात, बेलियाघाटातल्या हैदरी मंझिलमध्ये होते. दंग्यांनी होरपळलेल्या त्या शहरात त्यांनी उपवास केला, प्रार्थना केली, सूत कातले. १९३० ची आपलीच सूचना ते पाळत होते, असे मला वाटते.

संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारले गेले. ते पूर्णपणे अमलात आणण्यासाठी दोन महिने थांबून २६ जानेवारी गाठली, ती जुन्या तारखेच्या मानाखातर. नाव मात्र बदलले. दिल्लीत आयर्विन स्टेडियमवर संचलन झाले, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी मानवंदना स्वीकारली, पाहुणे म्हणून इंडोनेशियाचे सुकार्नो आले. परकी राजवट गेल्यावर तिच्याविरुद्धची प्रतिज्ञा कशाला वाचायची, हे कबूल. पण गरिबाच्या मिळकतीचा आकडा चारचौघांत मोठ्याने वाचून सण सुरू करण्याची रीतही तिच्याबरोबर गेली, याची चुटपुट राहतेच.