मरियामातेची साडी

मार्सेयचे बिशप सेरेनुस यांनी चर्चमधील प्रतिमा फोडल्या, तेव्हा इ.स. 600 च्या सुमारास पोप थोर ग्रेगरी यांनी त्यांना समज दिली. चित्रांची पूजा होऊ नये हे खरे. पण निरक्षरांनी निदान भिंतीवर तरी धर्मकथा वाचावी, असे त्यांचे म्हणणे होते.

मग त्या चित्राची लिपी कोणाची? हा प्रश्न आपल्याकडे उभा केला तो आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांनी. गोव्यातील सांत इस्तेव्हचे हे चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. परतल्यावर त्यांनी मरियामातेला साडी नेसवली. पोर्तुगीज अमलातील गोव्यात ते रुचले नाही. ते पुण्यास आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढू लागले. (आश्रम अँग्लिकन पंथीयांचा, हेही ध्यानात घ्यावे!)

त्या विरोधकांना हसावे, असे आम्हांस वाटत नाही. निळ्या झग्यातल्या ज्या मरियेपुढे आजीने रोज जपमाळ म्हटली, ती तिच्या आसवांनी आपलीच झाली होती. मात्र तो झगाही चित्रकारांच्याच कुंचल्यातून आला, शुभवर्तमानातून नव्हे. फोन्सेकांची बरीचशी चित्रे आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेली आहेत. अभ्यासक ती पाहतात. त्यांनी ती काढली होती प्रार्थनेसाठी.