ई-सायकलने खरंच व्यायाम होतो का? जासईतल्या सात महिन्यांचा अनुभव आणि संपूर्ण माहिती

"मोटर लावलेली सायकल चालवून कसला आलाय व्यायाम?" हा प्रश्न मला आमच्या जासईच्या नाक्यावर निदान पन्नास जणांनी विचारला असेल. खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात त्यांचंच बरोबर होतं. माझा व्यायाम शून्य होत होता. चूक सायकलची नव्हती, माझी होती. तुम्ही ती करू नये म्हणून हा लेख.

मी ई-सायकल का घेतली?

माझं वय २६. गावाजवळच्या एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर काम करतो, तेही शिफ्टमध्ये. दिवसभर खुर्ची, रात्री वडापाव. मागच्या वर्षी कंपनीच्या तपासणीत एचबीएवनसी ६.१ आलं. हा आकडा ५.७ ते ६.४ च्या मध्ये असेल तर डॉक्टर त्याला मधुमेहाच्या आधीची पायरी म्हणतात. आमच्या बाबांना रोज इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यामुळे त्या पायरीनंतर काय असतं ते मी घरातच बघतोय.

जिम लावली होती, पण शिफ्ट बदलली की ती सुटायची. साधी सायकलही आणली होती. संध्याकाळी उरणकडे निघालं की समुद्रावरून खारा वारा समोरून येतो, दहा मिनिटांत दम निघतो. आठवड्याभरात ती सायकल कपडे वाळवायला लागली. म्हणून शेवटी ई-सायकल.

ई-सायकल म्हणजे नेमकं काय?

साध्या सायकलला तीन गोष्टी जोडल्या की ई-सायकल होते : मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर. कल्पना नवी नाही. चाकाच्या मध्यभागी मोटर बसवायचं पेटंट अमेरिकेत १८९५ सालीच दिलं गेलं होतं. पण पेडल मारल्यावरच मोटरने मदत करायची, ही पद्धत बाजारात आणली जपानच्या यामाहाने, १९९३ मध्ये. आज पुण्याच्या ईमोटोराडपासून हिरो लेक्ट्रोपर्यंत बऱ्याच कंपन्यांच्या सायकली आपल्याकडे मिळतात.

मोटर दोन प्रकारे चालते :

१. थ्रॉटल : स्कूटरसारखी मूठ पिळायची किंवा अंगठ्याने दाबायचं. पेडल मारायची गरज नाही.
२. पेडल असिस्ट : तुम्ही पेडल मारलं की मोटर मदत करते, थांबलात की तीही थांबते. मदत किती हवी ते लेव्हल १, २, ३ असं निवडता येतं.

माझी चूक लक्षात आली का? पहिला महिना मी फक्त थ्रॉटलवर फिरलो. मजा आली, वारा लागला, पण घड्याळात हार्ट रेट ९२ च्या वर गेलाच नाही. एवढा तर मी सोफ्यावर बसून मॅच बघतानाही जातो!

सेन्सरचा फरक समजून घ्या

खरेदी करताना सगळे रेंज आणि रंग विचारतात. व्यायामासाठी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : सेन्सर कोणता?

कॅडेन्स सेन्सर फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच बघतो. तुम्ही हलकेच पाय फिरवले तरी मोटर पूर्ण ताकद देते. स्वस्त मॉडेलमध्ये बहुतेक हाच असतो, माझ्याकडेही हाच आहे. यात फसवणूक सोपी आहे, आणि फसवतो आपण स्वतःलाच.

टॉर्क सेन्सर तुम्ही पेडलवर किती जोर देता ते मोजतो आणि त्या प्रमाणात मदत करतो. जोर लावाल तर साथ मिळेल. व्यायामासाठी हा उत्तम, पण किंमत जास्त.

मग मोटर मदत करत असताना व्यायाम होतो कसा?

एक साधा हिशेब बघू. ६५ किलोचा माणूस आणि २२ किलोची सायकल धरा. सपाट रस्त्यावर, वारा नसताना ताशी २० किमी वेगाला साधारण १०० वॅट ताकद लागते. नव्या माणसाला हे जड असलं तरी जमतं. आता पाच टक्के चढ आला आणि वेग १५ ठेवायचा म्हटलं, तर लागतात जवळपास २३० वॅट. इथे नवखा माणूस उतरून सायकल ढकलतो आणि उद्यापासून घरी बसतो. ई-सायकलवर १०० वॅट तुमचे, उरलेले मोटरचे. तुमची मेहनत थांबत नाही, फक्त अंगाबाहेर जात नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. युरोपातल्या सात शहरांमध्ये दहा हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ई-सायकलवाल्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच निघाली. कारण सोपं आहे : ते जास्त लांब जातात.

माझं तसंच झालं. साध्या सायकलवर मी चार किलोमीटरमध्ये परत फिरायचो. आता रविवारी सकाळी उरणच्या पिरवाडी समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊन येतो, तीसेक किलोमीटर होतात. थंडीत पाणजेच्या पाणथळीकडे वळलं की पाहुणे पक्षी दिसतात, तो बोनस.

मी व्यायाम कसा करतो?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. माझं वेळापत्रक असं :

• आठवड्यातून पाच दिवस, रोज ३५ मिनिटं. म्हणजे १७५ मिनिटं.
• थ्रॉटलला हात लावायचा नाही. तो फक्त अडचणीसाठी.
• पहिली पाच मिनिटं लेव्हल १, अंग गरम होईपर्यंत.
• सपाट रस्ता आला की असिस्ट बंद. पूल, चढ किंवा समोरून वारा असेल तरच लेव्हल १ किंवा २.
• परत येताना वारा पाठीवर असतो, तेव्हा मोटर बंदच.

मेहनत पुरेशी होतेय का हे कळायला २२० मधून वय वजा करा. हा झाला अंदाजे कमाल हार्ट रेट. त्याच्या ६४ ते ७६ टक्क्यांत राहिलात तर मध्यम व्यायाम. माझ्यासाठी ते १२४ ते १४७ होतं. घड्याळ नसेल तर बोलून बघा : बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे बरोबर चाललंय.

स्ट्राव्हा वापरत असाल तर राइडचा प्रकार "ई-बाइक राइड" असाच निवडा. नाहीतर मोटरच्या जोरावर दुसऱ्यांचे रेकॉर्ड मोडाल आणि शिव्या खाल!

बॅटरी आणि खर्च

माझी बॅटरी ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-अवर. दोन्हींचा गुणाकार २७० वॅट-अवर, म्हणजे पाव युनिटपेक्षा थोडं जास्त. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरूनही एका फुल चार्जला युनिटचा साधारण तिसरा भाग लागतो. युनिट दहा रुपये धरलं तरी तीन-साडेतीन रुपये. थ्रॉटलवर मला वीसेक किलोमीटर मिळतात, लेव्हल १ वर चाळीसच्या आसपास.

काळजी काय घ्यायची?

• चार्जर कंपनीचाच वापरा. रात्रभर लावून झोपू नका, आणि घरातून बाहेर पडायच्या दाराजवळ चार्जिंग करू नका.
• उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, बॅटरी थंड होऊ द्या.
• पावसात चालवली तरी कनेक्टर नंतर पुसा. प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका.
• आमच्याकडे खाडीची हवा. चेनला दर आठवड्याला तेल दिलं नाही तर गंज ठरलेला.

लायसन्स लागतं का?

एका दुकानदाराने मला ताशी ४५ किमी जाणारं मॉडेल दाखवून "याला काही लागत नाही" असं सांगितलं होतं. हे चुकीचं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची ३० मिनिटांची क्षमता २५० वॅटपेक्षा कमी हवी. वेग २५ ला पोचला किंवा पेडल थांबलं की मोटरची मदत बंद व्हायला हवी. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. अशी पेडल असिस्ट सायकल मोटार वाहन धरली जात नाही, म्हणून नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. ताशी ४५ ची गाडी मोटार वाहनच. वेगमर्यादा काढून देणाऱ्यांच्याही नादी लागू नका. अपघात झाला तर निस्तरावं तुम्हालाच लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं : रस्ता

जासई म्हणजे जेएनपीटीच्या कंटेनर ट्रेलरचा रस्ता. तिसऱ्या आठवड्यात एका वळणावर मी ट्रेलरच्या डाव्या बाजूने पुढे जायला गेलो. तो डावीकडे वळला. मागचा लांब भाग आत आत येत गेला आणि मी सायकलसकट मातीत उडी मारली. गुडघा फुटला, एवढ्यावर निभावलं. ड्रायव्हरला मी दिसलोच नव्हतो. घरी आईने सायकल विकायला काढली होती, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यानंतरचे माझे नियम :

• ट्रेलरच्या डाव्या बाजूने कधीच पुढे जायचं नाही. तो थांबला तर आपणही मागे थांबायचं.
• हेल्मेट आणि मागे लुकलुकणारा लाल दिवा, दिवसाही.
• रोजचा व्यायाम गावातल्या रस्त्यांवर. लांबची राइड रविवारी सकाळी, उजाडल्यावरच.
• कानात इअरफोन नाही.

आणि हो, अटल सेतू आमच्या शेजारच्या चिर्ल्याला उतरतो म्हणून मोह होतो, पण २१.८ किमीच्या त्या पुलावर सायकल आणि दुचाकीला बंदी आहे.

शेवटी, फरक पडला का?

सात महिन्यांनी एचबीएवनसी ५.८ आलं. श्रेय एकट्या सायकलचं नाही. रात्रीचा वडापाव आणि थंड पेयंही बंद केली आहेत. आकडा अजून त्याच पायरीवर आहे, पण खाली उतरतोय. डॉक्टर म्हणाले, सोडू नकोस.

तुम्हाला रोज साधी सायकल चालवायला जमत असेल तर ई-सायकलची अजिबात गरज नाही, पैसे वाचवा. पण माझ्यासारखी तुमची सायकल कपडे वाळवत असेल, तर एकदा विचार करा. मोटर आळशीपणासाठी वापरायची की उद्या पुन्हा निघण्यासाठी, ते बटण शेवटी आपल्याच अंगठ्याखाली असतं.

परवा संध्याकाळी मी परत आलो तेव्हा बाबा ओटीवर बसले होते. म्हणाले, "लेव्हल एकवर ठेव, मी हुतात्मा स्मारकापर्यंत जाऊन येतो." आई दारातच उभी होती. या वेळी तिने फक्त हेल्मेट पुढे केलं.